रिबूटमध्ये सुपरहिरोचा गुरू बदलला तर चालतो का? बेन काकांपासून जोनाथन केंटपर्यंतची गोष्ट

स्पायडरमॅनचा एकही पिक्चर नीट न पाहिलेल्या माणसालाही तीन गोष्टी माहीत असतात. पोराला कोळी चावतो, पोरात ताकद येते आणि पोराचे काका मरतात.

त्यातली तिसरी गोष्ट २०१६ मध्ये गायब झाली. 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मध्ये टॉम हॉलंडचा पीटर पार्कर पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या घरात मे काकू होती, बेन काका नव्हते. त्यांचं नावही कुणी घेतलं नाही. त्यांच्या जागी दारात उभा होता टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन. तेव्हापासून सोशल मीडियावर एक भांडण सुरू आहे आणि नव्या सुपरहिरो सिनेमाचा ट्रेलर आला की ते पुन्हा वर येतं. हिरोला घडवणारा माणूसच बदलला, तर हिरो तोच राहतो का?

हा प्रश्न एकट्या स्पायडरमॅनचा नाही. सुपरमॅनचे वडील, बॅटमॅनचा आल्फ्रेड, डॉक्टर स्ट्रेंजची एन्शंट वन, सगळ्यांच्या बाबतीत तो विचारला गेलाय. पण सगळ्यात जास्त प्रयोग बेन काकांवर झालेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू. (पुढे २०२५ च्या 'सुपरमॅन'पर्यंत बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडलेत, हे आधीच सांगून ठेवतो.)

मुळात रिबूट का निघतात?

रिबूट म्हणजे जुन्या सिनेमांचा हिशेब बंद करून तीच व्यक्तिरेखा पहिल्यापासून सांगायची. स्पायडरमॅनच्या बाबतीत यामागे कलेपेक्षा करार जास्त आहे. सिनेमाचे हक्क सोनीकडे आहेत आणि ते टिकवायचे तर ठराविक काळात नवा सिनेमा काढावा लागतो. सॅम रेमीचा चौथा भाग २०१० मध्ये बारगळला आणि २०१२ मध्ये नवा पीटर आला. तोही फार चालला नाही. २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलने हातमिळवणी केली आणि २०१६ मध्ये तिसरा पीटर आला. पंधरा वर्षांच्या आत प्रेक्षकाला तेच मरण तिसऱ्यांदा दाखवायचं की नाही, हा दिग्दर्शकापुढचा अगदी व्यावहारिक प्रश्न होता.

बॅटमॅनचंही तेच. क्राइम ॲलीतला गोळीबार आणि आईच्या गळ्यातून तुटून पडणारे मोती आता इतक्या वेळा दाखवून झालेत की २०२२ च्या 'द बॅटमॅन'ने तो प्रसंग टाळला, याचंच अनेकांना बरं वाटलं.

मूळ गोष्टीत बेन काका आहेत तरी किती?

इथे जरा थांबायला हवं, कारण भांडणारे बहुतेक लोक ज्याला 'मूळ' म्हणतात ते मूळ नाही.

स्पायडरमॅन पहिल्यांदा आला ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५ मध्ये. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. गोष्ट फक्त ११ पानांची. त्यात बेन काका मोजक्या चौकटींत दिसतात. ते प्रेमळ आहेत, पुतण्याचे लाड करतात, आणि बस्स. ते कुठलंही भाषण करत नाहीत. ताकद आणि जबाबदारी यांचं नातं सांगणारं ते सुप्रसिद्ध वाक्य त्यांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या मजकुरात ते येतं. काकांचा खूनही पानावर दिसत नाही. पीटर घरी येतो, दारात पोलीस उभा असतो आणि तो बातमी सांगतो.

मग त्या ११ पानांत आहे काय? ताकद आलेला पीटर टीव्हीवर खेळ करून पैसे कमवू लागलाय. एक चोर त्याच्या समोरून पळतो, मागून धावणारा पोलीस मदत मागतो आणि पीटर हलत नाही. यापुढे फक्त स्वतःचं पाहायचं, असं त्याने ठरवलेलं असतं. पुढे काकांचा खुनी त्याच्या हाती लागतो आणि चेहरा बघून पीटरच्या पायाखालची जमीन सरकते. हा तोच चोर असतो.

म्हणजे पीटरला घडवलं ते काकांच्या शिकवणीने कमी आणि त्याच्या स्वतःच्या चुकीने जास्त. बेन काका हे मुळात गुरू नव्हतेच, ते त्या चुकीची किंमत होते. त्यांना 'गुरू' आपण नंतर केलं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा २००२ च्या सिनेमाचा आहे.

२००२: वाक्य काकांच्या तोंडी आलं

सॅम रेमीच्या सिनेमात क्लिफ रॉबर्टसनचे बेन काका लायब्ररीबाहेर गाडीत बसून पीटरला ते वाक्य ऐकवतात. पीटर उलट बोलतो, तुम्ही माझे वडील नाही, असं सुनावतो आणि निघून जातो. ती त्यांची शेवटची भेट ठरते. कॉमिकमध्ये हे भांडण नव्हतं. सिनेमाने ते घातलं आणि अपराधीपणाला आणखी एक गाठ मारली.

दुसरा बदल त्याहून हुशारीचा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कॉमिकमधला पीटर निव्वळ माजात चोराला सोडतो. सिनेमात कुस्तीचा आयोजक आधी पीटरला पैशांत फसवतो, मग चोर त्याच आयोजकाला लुटतो, आणि पीटर बाजूला होऊन चोराला वाट देतो. थिएटरमध्ये त्या क्षणी आपण पीटरच्या बाजूने असतो. बरी जिरली, असं आपल्यालाही वाटतं. दहा मिनिटांनी रस्त्यावर काका पडलेले दिसतात तेव्हा त्या चुकीत आपणही थोडे वाटेकरी झालेलो असतो.

काका इथे बरेच बदललेत, पण चोर सुटला म्हणून काका गेले ही साखळी शाबूत आहे. गंमत म्हणजे ती साखळी सैल केली ती रेमीनेच. २००७ च्या तिसऱ्या भागात कळतं की गोळी त्या चोराची नव्हती, त्याच्या साथीदाराची, म्हणजे सँडमॅनची होती आणि तीही जवळजवळ अपघाताने सुटली होती. सँडमॅनला माफ करता यावं म्हणून हे केलं होतं. पण त्यामुळे पहिल्या सिनेमाच्या पायाचाच दगड हलला. माझ्या मते बेन काकांच्या गोष्टीचं सगळ्यात जास्त नुकसान कुठल्या रिबूटने नाही, या सीक्वेलने केलं.

२०१२: काकांचा वाटा वडिलांना

मार्क वेबच्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन'मध्ये मार्टिन शीन बेन काका झाले. अभिनय म्हणून हे बेन काका कुणापेक्षाही कमी नाहीत. मरणाचा प्रसंगही वेगळा आहे. पीटर रागाने घर सोडतो, दुकानात दुधाला दोन सेंट कमी पडतात म्हणून दुकानदार त्याला हाकलतो, मागचा माणूस गल्ल्यावर हात मारून पळतो आणि पीटर त्याला अडवत नाही. पुढच्या कोपऱ्यावर पीटरला शोधत फिरणारे काका त्याच माणसाला आडवे जातात. साखळी तीच, कड्या नव्या. इथपर्यंत ठीक.

गडबड दुसरीकडे आहे. जबाबदारीची शिकवण इथे काका देतात खरी, पण ती तुझ्या वडिलांची तत्त्वं होती, असं सांगून. रिचर्ड पार्कर या हरवलेल्या शास्त्रज्ञ बापाचं गूढ हीच या दोन सिनेमांची मोठी गोष्ट होते. काकांच्या खुन्याचा शोध मध्येच सुटून जातो तो कायमचा. आणि २०१४ च्या दुसऱ्या भागात उलगडतं की त्या कोळ्यांमध्ये रिचर्डचाच डीएनए होता, त्यामुळे ती ताकद पीटरलाच मिळू शकत होती.

आता बघा, क्वीन्समधल्या कुठल्याही पोराला कोळी चावला असता ही स्पायडरमॅनची मूळ मजा. ती गेली आणि रक्ताचा वारसा आला. बेन काकांचा चेहरा, नाव, मरण सगळं जागेवर होतं, तरीही त्यांची जागा गेली. नाव ठेवून माणूस बदलता येतो, त्याचा हा नमुना.

टोनी स्टार्क: दुःख आहे, अपराध नाही

मार्व्हलने उलट केलं. माणूसच काढला. 'सिव्हिल वॉर'मध्ये पीटर टोनीला सांगतो की हातात काही करण्याची ताकद असून ते केलं नाही आणि मग वाईट घडलं, तर ते आपल्यामुळेच घडलं. म्हणजे काकांचा धडा त्याला येतो, फक्त तो कुणाकडून आणि कशाच्या बदल्यात मिळाला हे सांगितलेलं नाही. २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'मधल्या प्रवासी बॅगेवर बेन काकांची आद्याक्षरं दिसतात. बेन काकांच्या वाट्याला जवळपास तेवढंच.

टोनीला गुरू करण्यात तोटा काय? पहिला तोटा पैशाचा. रेमीच्या सिनेमातले काका इलेक्ट्रिशियन आहेत आणि उतारवयात त्यांची नोकरी जाते. घरभाडं, उशिरा मिळणारा पगार, फाटलेला सूट हे स्पायडरमॅनचं जग. टोनी अब्जाधीश. तो पोराला कोट्यवधींचा सूट देतो, मग मरताना उपग्रहावरची शस्त्रं चालवणारा चष्मा ठेवून जातो. 'हा स्पायडरमॅन नाही, आयर्नमॅनचा धाकटा आहे' ही टीका इथूनच आली. शिवाय 'होमकमिंग'चा व्हल्चर आणि 'फार फ्रॉम होम'चा मिस्टेरिओ, दोघांचा मूळ राग टोनीवर आहे. पीटर गुरूची उधारी फेडत बसतो.

दुसरा तोटा जास्त महत्त्वाचा. 'एंडगेम'मध्ये टोनी स्वतःच्या निर्णयाने मरतो. पीटर रडतो, आपणही रडतो. पण त्या मरणात पीटरची चूक काहीच नाही. शोक आणि अपराध यांत फरक आहे. शोक काळाने कमी होतो. अपराध माणसाला रोज रात्री मुखवटा घालून बाहेर काढतो.

तरीही टोनी हा बदल वाया गेला असं मी म्हणणार नाही. 'होमकमिंग'मध्ये टोनी सूट काढून घेतो आणि सूटशिवाय तू काहीच नसशील तर तो तुझ्याकडे असूच नये, अशा अर्थाचं सुनावतो. नंतर ढिगाऱ्याखाली अडकलेला, मदतीसाठी ओरडणारा पंधरा वर्षांचा पोरगा स्वतःच तो ढिगारा उचलतो. हे दृश्य १९६६ च्या कॉमिकमधल्या गाजलेल्या प्रसंगावर बेतलंय आणि तिथे टोनी गुरू म्हणून पटतो, कारण तो शिकवून बाजूला होतो.

मे काकूने हिशेब पुरा केला

डिसेंबर २०२१. 'नो वे होम'. दुसऱ्या विश्वांतून आलेल्या खलनायकांना परत पाठवलं तर ते मरणार आहेत. पीटर पाठवायला तयार आहे. त्यांना आधी बरं करायला हवं, हा आग्रह मे काकूचा. पीटर ऐकतो, बेत फसतो, ग्रीन गॉब्लिनच्या हल्ल्यात काकू जबर जखमी होते आणि ते वाक्य मरण्यापूर्वी तीच उच्चारते.

अनेकांनी याला 'बेन काकांचा सीन काकूला दिला' म्हटलं. पण नीट पाहिलं तर हा तो सीन नाहीच. बेन काका मेले कारण पीटरने काहीच केलं नाही. मे काकू मेली कारण पीटरने योग्य ते केलं. पहिल्या धड्यात जबाबदारी टाळल्याची शिक्षा आहे. दुसऱ्या धड्यात जबाबदारी घेऊनही शिक्षा मिळते, आणि तरी ती घ्यायची का, हा प्रश्न आहे. हा जास्त कठीण धडा आहे. सिनेमाच्या शेवटी जग पीटरला विसरतं, स्टार्कची संपत्ती संपते आणि भाड्याच्या खोलीत पोरगा हाताने सूट शिवतो.

तक्रार एवढीच की इथवर यायला पाच वर्षं आणि सहा सिनेमे लागले. मधल्या काळात ज्याने हा पीटर सोडून दिला त्याला दोष देता येत नाही.

काका मेलेच पाहिजेत, असं म्हणणारा खलनायक

२०१८ च्या 'इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये हिरो पीटर नाही, माइल्स मोरालेस आहे. त्याचाही काका मरतो, पण हा ॲरन काका किंगपिनसाठी काम करणारा गुन्हेगार आहे आणि पुतण्यावर गोळी झाडायला नकार दिला म्हणून मारला जातो. (इंग्रजीतल्या 'अंकल'मुळे कळत नाही, पण बेन आणि ॲरन दोघेही वडिलांचे भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबाने काकाच. मामा नव्हेत.)

२०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने तर फॅन मंडळींचं हे भांडणच कथानकात घेतलं. मिगेल ओहारा सांगतो की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही मरणं ठरलेली असतात, ती टाळली तर विश्वच कोसळतं. माइल्स म्हणतो, माझ्या बापाला मी मरू देणार नाही. 'मूळ गोष्टीला हात लावू नका' म्हणणारा प्रेक्षक म्हणजे मिगेल. त्याचं बरोबर की चूक, हे सिनेमाने तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलं.

हा सिनेमा भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यातला पवित्र प्रभाकर मात्र सिनेमाने शोधलेला नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ मध्ये 'स्पायडरमॅन: इंडिया' हे कॉमिक काढलं, त्याचा तो हिरो. गावातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर घातलेला स्पायडरमॅन. त्याला ताकद देतो एक योगी. ग्रीन गॉब्लिनच्या जागी राक्षस झालेला उद्योगपती. मे काकूची झाली माया, बेन काकांचे झाले भीम काका. जवळपास सगळं बदललं. पण गुंडांनी घेरलेल्या एका बाईची हाक ऐकून पवित्र निघून जातो, आणि तिला वाचवायला धावलेले भीम काका भोसकले जातात. शहर, कपडे, देव-दानव सगळं बदलूनही लेखकांनी तेवढा एक खिळा उपटला नाही.

मला विचाराल तर कसोटी हीच. माणूस बदला, त्याचं नाव, वय, पैसा, जात, देश बदला. त्याच्या जाण्याशी हिरोच्या हातून घडलेल्या किंवा न घडलेल्या गोष्टीचा संबंध तोडलात तर मात्र त्याच्या जागी दुसरं तितकंच वजनदार काहीतरी ठेवावं लागतं.

सुपरमॅनचे दोन बाप

सुपरमॅनला घडवणारे बाप दोन: क्रिप्टनवरचा जोर-एल आणि कॅन्ससमधला शेतकरी जोनाथन केंट. तसं १९३८ च्या पहिल्या कॉमिकमध्ये केंट कुटुंब नव्हतंच. वाटेने जाणारा एक मोटारवाला बाळाला अनाथाश्रमात देतो, एवढंच. म्हणजे इथेही 'मूळ' नंतर तयार झालंय.

१९७८ च्या सिनेमात जोनाथन हृदयविकाराने जातो आणि इतकी ताकद असून आपण त्याला वाचवू शकलो नाही, हे क्लार्कला कळतं. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये केविन कॉस्टनरचा जोनाथन चक्रीवादळात उभा राहून हाताने 'येऊ नको' अशी खूण करतो आणि वाचवता येत असूनही क्लार्क थांबतो. त्याआधी, बसमधल्या मुलांना मरू द्यायला हवं होतं का, या लेकाच्या प्रश्नावर तो 'कदाचित' म्हणतो. प्रेक्षक चिडले ते यावर. भ्यालेला बाप हा खोटा बाप नाही, उलट आजच्या काळात असा मुलगा असलेला कुठलाही बाप घाबरेलच. पण लपायला शिकवलेला मुलगा उजेडात का येतो, याचं उत्तर त्या सिनेमाने बापाकडून घेतलं नाही, जोर-एलकडून घेतलं.

जेम्स गनच्या २०२५ च्या 'सुपरमॅन'ने हे बरोबर उलटं केलं. जोनाथन जिवंत आहे. आणि ज्या संदेशाच्या आधारावर क्लार्क जगतोय त्याचा हरवलेला भाग सापडतो तेव्हा कळतं की जोर-एल आणि लारा यांनी पोराला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलं होतं. १९७८ मध्ये मार्लन ब्रँडोचा जोर-एल ज्या उंचीवर होता तिथून ही मोठीच घसरण, आणि जुन्या चाहत्यांना ती झोंबली. मला ती पटली. कारण इथे कुणीही न मरता हिरोला गुरू निवडावा लागतो, आणि तो शेतावरच्या थकलेल्या बापाला निवडतो.

गुरूची ओळखच बदलली तर?

बॅटमॅनचा आल्फ्रेड १९४३ मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा बॅटमॅन आणि रॉबिन आधीच कामाला लागले होते. पोरक्या ब्रूसला वाढवणारा आल्फ्रेड ही पुढची भर, आणि आज तिच्याशिवाय बॅटमॅन सुचत नाही. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'ने हेन्री ड्यूकार्ड आणि राज अल गुल ही कॉमिकमधली दोन वेगळी माणसं एक केली आणि गुरूलाच खलनायक बनवलं. त्यावर फारशी ओरड झाली नाही, कारण ड्यूकार्डवर कुणाचा जीव नव्हता.

डॉक्टर स्ट्रेंजच्या बाबतीत झाली. कॉमिकमधला एन्शंट वन हा तिबेटी म्हातारा. २०१६ च्या सिनेमात टिल्डा स्विंटन ही ब्रिटिश अभिनेत्री आली. डोंगरावरचा गूढ आशियाई साधू हा घासून गुळगुळीत झालेला साचा टाळायचा, असा युक्तिवाद होता. पण साचा मोडताना आशियाई नटाची भूमिकाच गेली. मार्व्हलच्या केविन फायगी यांनी पुढे २०२१ मध्ये ती चूक होती असं मान्य केलं. गोष्टीच्या दृष्टीने ती भूमिका उत्तम जमली होती, म्हणून हे उदाहरण अवघड आहे.

आणि काका जिवंत राहिले तर?

२०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेटो यांनी 'अल्टिमेट स्पायडरमॅन' हे कॉमिक सुरू केलं. त्यात पीटरला तरुणपणी कोळी चावूच दिला गेला नाही. तो पस्तिशीतला, एमजेशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे आणि ताकद त्याला आत्ता मिळते. गेलीय ती मे काकू. बेन काका धडधाकट आहेत, जे. जोना जेमसनसोबत वर्तमानपत्रात काम करतात, आणि पहिल्या अंकाच्या प्रती इतक्या भराभर संपल्या की तो पुन्हा पुन्हा छापावा लागला.